‘लाल कुरण’चा पाचवा भाग

“आप्पा, ती ‘लाल कुरण’ मालिका बघण्यासारखी आहे का हो?”

सुकन्याच्या तोंडून प्रश्न निघाला मात्र… घरात असं काही चिडीचूप झालं, की आईची तव्यावरची भाकरी जरा जास्तच भाजली, राजेश्वरीताईचा घास ताटातच थबकला आणि आप्पांनी उचललेलं पाण्याचं फुलपात्र ओठांपर्यंत न जाता परत खाली आलं. तीन आठवडे झाले होते. या तीन आठवड्यांत त्या मालिकेचं नाव या घरात कुणी उच्चारलं नव्हतं!

खरं तर प्रश्न सुकन्याचा नव्हताच. देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत, मधल्या सुट्टीत, नळाजवळ डबे विसळता विसळता रेश्मानं तिला डिवचलं होतं.

“तालुक्यात वक्तृत्वात पहिली आल्यापासून तू आमदारीणबाईसारखी चालतीस. एवढी छाती असेल तर तुझ्या आप्पांना विचारून दाखव, ‘लाल कुरण’ बघण्यासारखी हाय का. विचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी उचलीन.”

“आणि आप्पांनी पायताण काढलं तर ते पण तूच उचल,” सुकन्या म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

तेवढ्यात पूजा सहज बोलून गेली, “तुझ्या ताईचं ते झाल्यापासून माझी आई मला फोनला हात लावू देत न्हाई. म्हणती, रंगनाथरावांची थोरली बघ, चांगली पोरगी, पण फोनपायी वाया गेली.”

वाया गेली… सुकन्याच्या काळजात बारीकसं काहीतरी तुटलं. त्याच क्षणी तिनं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांत झालं असतं. पण परीक्षकांसमोर सात मिनिटं न अडखळता बोलणाऱ्या त्या मुलीच्या जिभेला तिथं कुलूप लागलं, आणि खरं बोलायची हिंमत नव्हती म्हणून तिनं खोट्या हिमतीचा आव आणला. “विचारते की, त्यात काय!” म्हणाली आणि सायकल दामटत घरी आली.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या सकाळचं असं झालं होतं.

आप्पांच्या गोठ्यात पाच गायी. पहाटेच्या धारेच्या वेळी आप्पा गोठ्यातला काळा स्पीकर चालू करायचे आणि ताईच्या फोनवर सनई लागायची. सनई ऐकली की गायी शांत उभ्या राहतात, पान्हा लवकर सोडतात, हा आप्पांचा अनुभव. फोन ताईचा, आप्पांनीच घेऊन दिलेला, नर्सिंगच्या प्रवेशाचा अभ्यास करायला. स्पीकर चालू झाला की फोन आपोआप त्याला जोडला जायचा. त्या दिवशी ताई मागच्या हौदावर किटल्या घासत होती, आणि तिचा फोन घेऊन सुकन्या गोठ्याच्या भिंतीपलीकडच्या खोलीत, पेंडीच्या पोत्यांआड बसून ‘लाल कुरण’ बघत होती. आवाज अगदी बारीक ठेवून. क्लासला जायला अर्धा तास होता, आणि पाचवा भाग असा रंगात आला होता की बोलायची सोय नाही.

आणि अचानक आवाज गेला. चित्रं हलतायत, ओठ हलतायत, आवाज नाही. सुकन्यानं आवाजाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिली… तिला काय ठाऊक, की पलीकडे आप्पांनी नुकताच स्पीकर चालू केला होता! गोठ्यात आधी एक घाणेरडी हिंदी शिवी घुमली, आणि मग बंदुकीचा असा बार उडाला की पत्र्याचं छत थरथरलं.

मैना सात महिन्यांची गाभण होती. तांबडी, देखणी, घोडेगावच्या बाजारात आप्पांनी शंभर गायींतून निवडून आणलेली. दावणीला ओढ खाऊन ती मागं सरकली, ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि ती पोटावर पडली. तिचं ते हंबरणं…

ताई हौदावरून धावत आली ती आधी खोलीत शिरली. सुकन्या पोत्यांआड पुतळ्यासारखी बसली होती. ताईनं एक शब्द विचारला नाही. तिच्या हातातून फोन काढून घेतला, तिला मागच्या दारानं ढकललं, आणि आप्पा खोलीच्या दारात आले तेव्हा फोन ताईच्या हातात होता.

“कोण हुतं हे बघत?”

“मी, आप्पा.”

दूध घ्यायला आलेल्या बनुबाई तांब्या घेऊन दाराशीच उभ्या होत्या. त्या दिवशी दूध घरी पोचायच्या आधी बातमी गावात पोचली. तिसऱ्या दिवशी मैना गाभडली. आप्पांनी ते इवलंसं वासरू पोत्यात गुंडाळून बांधाच्या कडेला पुरलं, हात धुतले आणि सांगितलं, “राजीचं नगरचं नर्सिंग राहू द्या. जिला घरात फोन सांभाळंना, तिला हॉस्टेलात एकलीला ठेवायची न्हाई.” फोन कपाटात गेला. नर्सिंगचा प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख येत्या सोमवारची… तीही आता सरून जाणार होती, आणि ताई मुकाट्यानं धारा काढत होती, शेण काढत होती.

सुकन्या रोज ठरवायची, आज सांगते. आणि रोज रात्री तोंडावर पांघरूण ओढायची.

आणि आज ती त्याच मालिकेचं नाव घेऊन, मैत्रिणींच्या पैजेखातर, आप्पांसमोर उभी होती!

“बघण्यासारखी हाय का, ते बघितल्याबिगर कसं सांगू?” आप्पा हळूच म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच सुकन्याला जास्त भीती वाटली. “ज्याच्यापायी माझी पोरगी भान इसरली, ते हाय तरी काय, मला बी कळू दे. लाव टीव्हीला.”

“अवो, शिव्या हायत त्यात,” आई म्हणाली.

“बाजारात मी काय भजनं ऐकतो का? लाव गं, सुके.”

सुकन्या उठली, रिमोट घेतला आणि मालिकेचं ते ॲप उघडलं. रेश्माच्या घरचा पासवर्ड बोटांनी आपोआप दाबला. आईनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सुजल्या बोटांनी भाकरी उलटली.

आणि मग त्या घरात एक अजबच नेम सुरू झाला. तो सोमवार होता. संध्याकाळची धार झाली, दूध डेअरीला गेलं, की आप्पा हातपाय धुऊन टीव्हीसमोर बसायचे. रोज एक भाग. गोष्ट अमेरिकेतली, बोलणं हिंदीत: मैलोन् मैल गवताळ रान, त्यात हजारभर गुरं, एक खाष्ट म्हातारा आणि त्याची दोन पोरं. नावं कुणाच्या तोंडात बसेनात, तेव्हा आप्पांनी त्यांना थोरला आणि धाकटा करून टाकलं.

“हजार जनावरं, आणि एकाला बी नाव न्हाई?” पहिल्याच दिवशी आप्पा म्हणाले. “ही काय गुरं पाळायची रीत झाली?”

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं एका माणसाला गुडघ्यात गोळी घातली. आईनं पदर डोळ्यांवर घेतला आणि पदराआडून विचारलं, “मेला का?”

“न्हाई मेला. बघ आता.”

“मेला असता तर बरं झालं असतं, किती वरडतोय.”

तिसऱ्या दिवशी भर थंडीत एका गायीचं वासरू पोटात अडलं आणि थोरला बर्फात गुडघे टेकून कोपरापर्यंत हात घालून बसला. आप्पा पुढं सरकले. “पाय आल्यात, पण मुंडकं मागं ऱ्हायलंय. वढू नको, वढू नको… आधी आत सरकव… हां. आता कळंसोबत वढ.” वासरू बाहेर आलं, कान झटकून थरथरत उभं राहिलं, आणि आप्पांनी असा श्वास सोडला की जणू त्यांच्याच दावणीची गाय मोकळी झाली. “हा गडी खरा हाय. ह्यानं हे शिकून केलंय, नाटक न्हाई.”

सुकन्याचा ऊर भरून आला. एका क्षणासाठी तिला वाटलं, आप्पा विरघळले, आता सगळं सुरळीत होईल, तिला काही सांगावंसुद्धा लागणार नाही! पण लगेच आप्पांची नजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडे गेली. ताई रोज तिथंच बसायची, लसूण सोलत, टीव्हीकडे पाठ करून. आणि आप्पांना बांधाच्या कडेचं ते दुसरं वासरू आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा विझला.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, तर त्याहून वाईट झालं. भाग संपला. धाकटा दारू पिऊन म्हाताऱ्याची बंदूक घेऊन रानात निघाला होता.

“राजे, तू तर बघितलंयस हे,” आप्पा म्हणाले. तीन आठवड्यांत ते पहिल्यांदाच तिच्याशी आपणहून बोलत होते. “फुडं काय करतंय हे कार्टं?”

ताईच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. तिनं त्या मालिकेचं एक मिनिटही बघितलं नव्हतं. म्हातारा कोण, धाकटा कोण, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सुकन्याकडे बघितलंसुद्धा नाही… बघितलं असतं तर बरं झालं असतं.

“आठवत नाही, आप्पा.”

“आठवत न्हाई?” आप्पा उठून उभे राहिले. “ज्याच्यापायी मैनेचं वासरू गेलं, तुझं नगरचं गेलं, ते तुला आठवत बी न्हाई? मला वाटलं हुतं, पोरगी एवढी गुंगली म्हणजे तसंच काहीतरी असंल. तुला त्याचं बी काही न्हाई?”

ते गोठ्यात निघून गेले. ताईनं लसणाची टरफलं गोळा केली, परसात टाकली आणि भांडी घासायला बसली. सुकन्या तिच्यामागून गेली.

“ताई, मी सांगते.”

“गप बस. तुझी दहावी आहे.”

“पण तुझा सोमवार…”

“माझा सोमवार पुढच्या वर्षी पण येईल. तुझी शाळा बंद झाली तर परत नाही सुरू व्हायची. आप्पांनी ताकीद दिलीय तुला, दहावीत फोन हातात दिसला तर घरी बसवीन म्हणून.” ताईनं ओल्या मनगटानं कपाळावरचे केस मागं सारले. “आणि मला काय ठाऊक होतं गं, की माझं ठरलेलं मोडतील? मला वाटलं, चार दिवस बोलतील, मग सोडतील.”

ती रडत नव्हती. भांडी घासत होती. आणि सुकन्याला स्वतःची अशी शिसारी आली, की तालुक्याच्या वक्तृत्वाची ती पितळी ढाल, जी तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टीव्हीशेजारी ठेवली होती, ती तिनं आत नेऊन गाद्यांखाली सारली.

शुक्रवारी पाचवा भाग लागला.

सुकन्याला ठाऊक होतं काय येणार आहे. धाकटा दारूच्या नशेत शिव्या देत कुरणावर उभा राहिला. तीच शिवी… आप्पांची मान ताठ झाली. आणि मग आकाशाच्या दिशेनं बार उडाला.

आप्पांचा हात नकळत बाजूच्या उशीवर घट्ट आवळला गेला. “ह्योच,” ते पुटपुटले. “ह्योच बार.”

याच्यापुढं काय होतं ते सुकन्यानंही कधी बघितलं नव्हतं. गुरं उधळली. धुळीत एक गडी तुडवला गेला. म्हातारा घोडा फेकत आला आणि विचारलं, कुणी उधळवली गुरं? धाकट्यानं बंदूक गवतात सरकवली आणि बोट दाखवलं आपल्या घोड्याकडे. म्हणाला, हा पिसाळला, हा कळपात घुसला. म्हाताऱ्यानं पुढं काही विचारलं नाही. कमरेचं पिस्तूल काढून, घोड्याचा लगाम धरून तो त्याला ओढ्याकडे न्यायला लागला. घोडा मुकाट्यानं चालला होता, म्हाताऱ्याच्या खांद्याला नाक घाशीत, रोज जायचा तसा…

“अरं, त्या घोड्याचा काय गुन्हा?” आप्पा टीव्हीवरच ओरडले. “त्यो मुका हाय म्हणून? आणि हे कार्टं उभं ऱ्हाऊन बघतंय नुसतं. तोंडात काय दगड बसलाय का रं तुझ्या? बोल की. अजून येळ गेली न्हाई, बोल की रं.”

“बोलते, आप्पा.”

आप्पांनी वळून पाहिलं. सुकन्या उभी राहिली होती. वक्तृत्वाच्या वेळी ती दोन्ही हात सुटे ठेवायची, आता तिनं ते ओढणीत गच्च गुंडाळले होते.

“त्या दिवशी फोन माझ्या हातात होता. ताई हौदावर होती. पेंडीच्या खोलीत मी बसले होते, मी बघत होते. आवाज येईना म्हणून मीच वाढवला… मैना माझ्यामुळं पडली, आप्पा. ताईनं हे कधी बघितलंच नाही. म्हणून तर तिला पुढचं सांगता आलं नाही काल. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि मी पळाले. तीन आठवडे मी जेवले, झोपले, शाळेत हसले… आणि तिला सगळा गाव नावं ठेवत होता, तेव्हा मी तिथंच उभी होते. ते पण मी ऐकून घेतलं.”

टीव्हीत ओढ्याकडून बाराचा आवाज आला. आप्पांनी तिकडे बघितलंच नाही. त्यांनी रिमोट चाचपडून टीव्ही बंद केला.

आप्पा ओरडतील, हात उगारतील, असं सुकन्याला वाटत होतं, आणि मनापासून तिला तेच हवं होतं. पण आप्पा उंबऱ्याकडे बघत होते.

“राजे, तू तरी सांगायचं.”

“तिची शाळा बंद केली असती तुम्ही.”

नाही म्हणावं, तर ते खोटं झालं असतं. आप्पा उठले, जाऊन ताईसमोर जमिनीवर बसले, लसणाच्या टरफलांत.

“मी तुला दुसऱ्यांदा इचारलं बी न्हाई,” ते म्हणाले. “एकदा म्हणालीस ‘मी’, आणि मी तेच धरून बसलो. त्या म्हाताऱ्यानं बी तेवढंच केलं. गायीचं पोट दुखलं तर मी रातभर बसतो, तिला काय हुतंय ते हात लावून बघतो. तुला न्हाई बघितलं.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “माझं चुकलं, बाई.”

इतक्या दिवसांत एक टिपूस न काढलेली ताई तेव्हा रडली… आप्पांच्या खांद्यावर कपाळ टेकून, लहान पोरीसारखी, हुंदक्यांनी सगळं अंग हलत होतं. सुकन्याला तिच्याजवळ जायचं होतं. तेवढ्यात आई सुकन्यापाशी आली.

“मला सोमवारीच कळलं हुतं.”

“सोमवारी?”

“टीव्हीत ते सगळं उघडलंस, पासवर्ड टाकलास. राजीला एकदा तरी इचारलं का, काय हाय म्हणून?” आईनं तिच्या गालावरचे केस बाजूला केले. हात मऊ होता, पण डोळे मऊ नव्हते. “चार दिस वाट बघत हुते, आज बोलंल, आज बोलंल. लई उशीर लावलास, सुके.”

हे आप्पांच्या माराहून लागलं. सुकन्यानं मान खाली घातली.

आप्पांनी कपाट उघडलं. फोन काढला, त्याच्याखाली दडपून ठेवलेला नर्सिंग कॉलेजचा कागदही काढला, आणि दोन्ही ताईच्या ओच्यात ठेवलं. “सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊ. मी येतो.”

ताईनं कागद हातात घेतला, त्यावरून एकदा बोट फिरवलं, आणि परत पुढं केला. “आता नको, आप्पा. मैना अजून धड उभी राहत नाही, तिचा पाय दोन वेळा शेकावा लागतो. आईच्या बोटांची सूज उतरली नाही, तिच्यानं धार निघायची नाही. तुम्ही एकटे पाच गायींची धार कशी काढाल? पुढच्या वर्षी बघू.”

ती हे मनापासून म्हणत होती, यातच सगळं आलं. सोडायची तिला इतकी सवय झाली होती, की मिळालेलंही ती परत करत होती! आणि आई-आप्पा एकमेकांकडे बघायला लागले, कारण तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

सुकन्यानं आजवर एकदाही धार काढली नव्हती. शेणाचा वास येतो म्हणून ती गोठ्यातून नाक दाबून जायची, आणि सकाळच्या क्लासचं निमित्त तिला नेहमी पुरायचं. तिनं ताईच्या हातातला कागद घेतला, नीट घडी करून ताईच्याच मुठीत परत कोंबला, आणि वळून आई-आप्पांसमोर उभी राहिली.

“सकाळचा क्लास मी उद्यापासून सोडतेय. शाळा नाही सोडत, फक्त क्लास. दहावीचा अभ्यास मी घरी करीन, मार्क कमी पडले तर पडू द्यात, पण ताई सोमवारी जाणार. मला धार काढता येत नाही, ते ठाऊक आहे. उद्या आणि परवा ताई शिकवेल, सोमवारपासून मी काढीन. गायींनी लाथा मारल्या तरी काढीन, आणि मैनेला शेकायचं पण मीच. आणि उद्या सकाळी बनुबाई तांब्या घेऊन आल्या, की दूध मी मापणार. आधी त्यांना सगळं सांगणार, मग मापणार. त्यांच्यामागं जो कोणी येईल, त्याला पण.”